विशेष काही नाही

काल सकाळी शेजारच्या घरची सून पाण्याला जाताना माझ्या दारावरून गेली. डोळे रडून लाल झालेले, पदर उलटा खोचलेला. "काय विशेष वो?" म्हणून मी सवयीनं विचारलं, तर चालता चालताच म्हणते, "काही विशेष नाही, मामी." आणि गेली. मी उंबऱ्यावर बसून राहिले. राग आला तो माझाच मला. या दोन वाक्यांचा मला इतका तिटकारा आहे की घरात कोणी ती बोललं तर मी ताट सरकवून उठते. नातवंडं मुद्दाम बोलतात आणि हसतात. आणि तरी त्यातलं एक माझ्याच तोंडून निघालं.

नावडते शब्द माझ्याजवळ पायलीभर निघतील. "होऊन जाईन" हा एक, म्हणजे होऊन जाईल. होऊन जाईन म्हणणाऱ्यानं काही केल्याचं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. "करतो" म्हणणारा निदान अर्धं तरी करतो. "पाहू" हा त्याचाच भाऊ. आणि "आपलंच घर समजा!" हे म्हणणाऱ्या बाईनं आधी शिंक्यावर नजर टाकून लोण्याचं गाडगं झाकलेलं असतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पण हे शब्द नुसते खोटे आहेत. खोट्याची चीड येते आणि जाते. शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत व्हावा की बोलणाऱ्याला तो बोलल्यासारखा वाटत नाही, ऐकणाऱ्याला ऐकल्यासारखा वाटत नाही, त्या शब्दाची मला भीती वाटते. का, ते सांगते.

मी सासरी नांदायला आले तेव्हा वऱ्हाडात कापसाला भाव चढायला लागला होता. आमचं गाव चांदूर बाजाराजवळचं. काळी जमीन, घरचे दोन बैल, एक गाडी. त्या तीन-चार सालांत माणसांची बोली पार बदलून गेली. "राम राम" मागे पडला. दोन माणसं वाटेत भेटली की पहिला शब्द, "काय भाव?" तेजी हा शब्द तोवर अडतीवरच्या लोकांचा होता. तो गावात शिरला आणि घराघरात नांदायला लागला. कोणाची म्हैस तेजीत, कोणाचं लेकरू तेजीत, कोणाला ताप आला तर तापाला तेजी. आमच्या गावचा न्हावी एकदा सासऱ्यांची दाढी करत होता. सासरे म्हणाले, "काय गा, वस्तरा कसा हाय आज?" तो म्हणाला, "तेजीत, दादा." आणि लगेच गालावर कापलं. सासरे गाल धरून म्हणाले, "तेजी उतरव थोडी, मी कापूस नोहो!" सगळा पार हसला. मीही भिंतीआडून हसले. तेव्हा हसायला येत होतं.

"तिकडे" हा त्याच सालातला दुसरा शब्द. भाव का चढला, तर तिकडे लढाई लागली म्हणून. सगळं गाव तेवढंच सांगायचं. एकदा माझ्या सासूबाईंनी सासऱ्यांना विचारलंच.

"लढाई कोठी लागली?"

"तिकडे."

"तिकडे म्हंजे? एलिचपुराकडे?"

"अवं, समुद्राच्या पल्याड."

सासूबाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता, सासऱ्यांनीही नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "तेवढ्या दूर हाय त चालू दे बाप्पा." आणि लढाई अजून दोन साल चालावी म्हणून मारोतीला नारळ बोलल्या. बाई फार मायाळू होत्या हो, मुंगीला साखर घालणाऱ्या. तिकडे कोणाची तरी लेकरं मरत असतील हे त्यांच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. शब्दच तसा होता. त्याच्यात माणसं दिसतच नव्हती.

आणि तिसरा शब्द म्हणा, वाक्य म्हणा, "गाडी मोकळी होऊ दे." हे तर आमच्या घरचं रोजचं. वेचणी लागली की गावातली एकूण एक गाडी कापसाला जुंपलेली. आपला कापूस अमरावतीला पोचवायचा, मग दुसऱ्याचा भाड्यानं न्यायचा. बाकी सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं. चुलीच्या वरचं छप्पर गळत होतं, त्याला नवी कवेलं आणायची, गाडी मोकळी होऊ दे. घरातला रांजण फुटला, कुंभाराकडून नवा आणायचा, गाडी मोकळी होऊ दे. मी तर दोन साल माहेरी गेले नव्हते. एकदा धीर करून बोलले, तर घरचे धनी म्हणाले, "मी काय नाही म्हनून राहिलो काय? गाडी मोकळी होऊ दे." नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नाही या शब्दाशी भांडता येतं.

मला एक नणंद होती. वयानं माझ्याबरोबरीची. मी या घरात आले तेव्हा तिचं लग्न झालं होतं पण ती नांदायला गेली नव्हती. मला इथली बोली यायची नाही. आमच्या माहेराकडे चार शब्द वेगळे बोलतात. मी काही बोलले की बाकीचे हसायचे, आणि तीच एक हळूच सांगायची, "वयनी, अठी असं नाही म्हनत." साल-दीड साल आम्ही एका घोंगडीवर बसून भाकर खाल्ली. मग ती तेल्हाऱ्याकडे सासरी गेली. अंजनगावावरून जायचं, चार मुक्कामांची वाट. ती गेल्यावर मला ते घर मोठं वाटायला लागलं.

ज्या सालची गोष्ट सांगते आहे, त्या साली ती नागपंचमीला आली तेव्हा तिला चौथा महिना होता. पहिलंच. झोका खेळायला आम्ही तिला चढू दिलं नाही. सगळ्या बाया झोक्यावर, आणि आम्ही दोघी लिंबाखाली. तेव्हा ती मला म्हणाली, "वयनी, मी बाळंतपनाले अठीच येईन. तठी मले पानी मांगाची भी सोय नाही. सासू म्हनते, आमाले का बाळंतपनं झाले नाही? खुरपं हातात असतानी झाले."

मी म्हटलं, "अवं, पयलं माहेरीच असते. आनतीन ना तुमाले."

"बाबा इसरतीन. वेचनीचे दिवस येतात ते. तू ध्यानात ठेवजो. सातव्यात मुऱ्हाळी नाही आला त आठव्यात ते लोक निघू देत नाही."

मुऱ्हाळी म्हणजे लेकीला सासरहून आणायला जाणारा माहेरचा माणूस. तो आल्याशिवाय लेकीनं उंबरा ओलांडायचा नाही, मग तिचा जीव जावो. आणि आठव्या महिन्यात गर्भारशीला गाडीत घालायचं नाही, हेही खरंच. म्हणजे सातवा धरला पाहिजे. सातवा कार्तिकात येत होता. मी बोटं मोजून म्हटलं, "ठेवतो ध्यानात." माझ्या मांडीवर हात ठेवून तिनं पुन्हा म्हटलं, "ठेवजो हं."

दिवाळी झाली. वेचणीला तोंड लागलं. सगळं गाव पांढरं, बायांच्या केसांत कापूस, भाकरीत कापूस, लेकरांच्या नाकात कापूस. तेव्हा अंजनगावाकडचा एक गाडीवाला पत्र घेऊन आला. तेल्हाऱ्याच्या बाजारात कोणा लिहिणाऱ्याकडून नणंदेनं लिहून घेतलेलं. आमच्या घरात कोणाला अक्षर येत नव्हतं. गावात वाचणारा एकच, पटवारी. तो त्या दिवसांत पाराजवळ कापसाच्या काट्यापाशी बसलेला असायचा. सासरे पत्र घेऊन तिकडे गेले. मी वेचलेल्या कापसाचं गाठोडं घेऊन त्यांच्या मागेच होते, म्हणून हे मी ऐकलेलं आहे, कोणी सांगितलेलं नाही.

पटवाऱ्यानं पत्र उलगडलं. वर श्री आहे की नाही ते पाहिलं. आमच्याकडे मयताच्या पत्रावर श्री काढत नाहीत. श्री होती. मग त्यानं एका श्वासात म्हटलं, "तीर्थरूप बाबांचे सेवेसी साष्टांग नमस्कार, येथील क्षेम जाणून तिकडील क्षेम लिहीत जावे, विशेष..." तेवढ्यात काट्यावर कोणीतरी ओरडलं, पल्ला खाली टेकला म्हणून. पटवाऱ्यानं तिकडे पाहिलं, पत्राची घडी केली.

सासरे म्हणाले, "समोर काय हाय?"

"समोर काय राह्यते? क्षेम हाय. विशेष काही नाही."

"काहीच नाही?"

"अहो दादा, सगळ्या पत्रात तेच असते. घ्या. तुमचा कापूस आनला काय?"

मी आता तुम्हाला सांगते, कारण आता मला कळतं. जुन्या पत्रात जो विशेष हा शब्द यायचा, तो पत्राचा दरवाजा होता. त्याच्या आधीचं सगळं देवाधर्माचं, लिहिणाऱ्याच्या हाताचं वळण. कोणाचंही पत्र असो, तेच. ज्याच्यासाठी कागद काळा केला ते सगळं विशेषच्या पुढे. आणि तो भला माणूस बरोबर दरवाजापर्यंत आला, त्यानं त्या शब्दाच्या पुढे आपल्या तोंडचं "काही नाही" जोडलं, आणि परत गेला. त्यानं दुष्टाव्यानं केलं नाही. दिवसातून दहा वेळा तो ते म्हणायचा. जिभेला रस्ता पाठ होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय लिवलं पोरीनं?"

"क्षेम हाय."

"अन् आनाचं?"

"काही लिवलं नाही. गाडी मोकळी होऊ दे. आता नाही जमलं त नवव्यात आनू."

पत्र भिंतीतल्या देवळीत गेलं. नागपंचमीचं बोलणं माझ्याजवळ होतं. पण सुनेनं सासऱ्यासमोर काय बोलावं? हे मी पुष्कळ साल स्वतःला सांगत आले. सुनेनं काय बोलावं. ते खरं नाही. मी बोलले. तेच तर सांगायचं आहे.

झालं असं की, कार्तिक अर्धा सरता सरता आमचा पहिला वेचा अमरावतीला पोचला आणि गाडी घरी आली. दुसरा वेचा फुटायला आठ-दहा दिवस होते. भाड्याचं गिऱ्हाईकही एक मोडलं. गाडी मोकळी झाली हो! ज्या गाडीची दोन साल वाट पाहिली ती अंगणात उभी, बैल कडबा खात बसलेले. दुपारी जेवताना सासरे धन्यांना म्हणाले, "काय रे, तेल्हाऱ्याले जाऊन येतं काय? पोरीले घेऊनच ये. बैल बसूनच हायेत."

धनी भाकर मोडत राहिले. त्यांच्या मनात अमरावती होती. अडतीवाल्यानं त्यांना बोलावलं होतं, बाजार पाह्यला ये म्हणून. आणि आदल्या दिवशी ते मला म्हणाले होते, "चालतं काय? अंबादेवीचं दर्शन होईन तुयं." लग्न होऊन एवढे दिवस झाले, मी चांदूरचा बाजार सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं. अमरावतीच्या गोष्टी नुसत्या ऐकल्या होत्या, की रस्त्यावर कापसाचे डोंगर लागले आहेत, की बंबईहून बांगड्या येतात, काचेच्या, आरपार दिसणाऱ्या. मी आतून भाकर वाढत होते. धन्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आणि मी खाली मान घालून, हळूच, पण सासऱ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं:

"पत्रात त क्षेम हाय म्हने. विशेष काही नाही."

एवढंच. ही माझी सात-आठ शब्दांची करणी. सासऱ्यांना काही उडी मारून जायचं नव्हतंच, त्यांना कोणाच्या तरी तोंडून ते ऐकायचं होतं. म्हणाले, "हो, तेही खरं. नवव्यात आनू."

आम्ही अमरावतीला गेलो. डोंगर होते कापसाचे, खरंच होते. हवेत इतकी रुई की माणसं तोंडाला फडकं बांधून बोलत होती, आणि फडक्याआडून सगळ्यांचा एकच शब्द ऐकू येत होता, तेजी, तेजी. मी देवीची ओटी भरली. बांगड्या भरल्या, हिरव्या. येताना गाडीत मी गाणं म्हटलं. हे लिहायला मला आता साठीच्या पुढे धीर झाला.

पौषात नणंदेच्या गावचा एक माणूस सरकी घेऊन तेल्हाऱ्याकडून चांदूरच्या बाजाराला चालला होता. वाटेत आमच्या दारी पाणी प्यायला थांबला. सासऱ्यांनी विचारलं, "काय विशेष तिकडलं?"

"काही विशेष नाही, दादा."

पाणी प्याला. तंबाखू मळला. दुष्काळ नाही, पटकी नाही, भाव बरा आहे, म्हणाला. मग उठता उठता म्हणतो, "तुमच्या पोरीचं तेवढं वाईट झालं. आठव्यातच बाळंतपनाले बसली. अंग सारं सुजलं, दातखीळ बसली म्हनतात. पोरगा झाला व्हता, गेला. तुमची पोरगी जिती हाय. उठत नाही अजून."

सासूबाई सूप टाकून पुढे आल्या. सासऱ्यांनी त्या माणसाचा हात धरला. म्हणाले, "अन् तू म्हनून राह्यला विशेष नाही?" तो बिचारा घाबरला. "तसं म्हनाची सवय असते ना, दादा," म्हणाला.

त्याच रात्री गाडी जुंपतो म्हणाले सासरे, पण गाडी अमरावतीला होती. दुसऱ्याची मागितली, ती मिळाली नाही. चौथ्या दिवशी आमची गाडी आली. ती जुंपायच्या आधीच तेल्हाऱ्याची गाडी दारात उभी राहिली. तिच्या सासरच्यांनी तिला आणून सोडलं. तिच्या लुगड्यांचं बोचकं, तिची पितळेची वाटी, सगळं सोबत. गाडीवाला म्हणाला, "दवादारू करा." पण वाटी पाहून सासूबाई समजल्या. वाटी सोबत आली म्हणजे परत नेणार नाहीत. सालाच्या आत तिच्या नवऱ्यानं दुसरी केल्याची खबर आली.

ती बोलायची नाही. दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिचं सगळं केलं. न्हाऊ घातलं, तेल लावलं, पेज भरवली. लोक म्हणायचे, भावजय असावी तर अशी. तेही मला ऐकावं लागलं. एक दिवस तिनंच तोंड उघडलं.

"बाबाले माहं पत्र नाही भेटलं काय, वयनी?"

"भेटलं."

"त्याच्यात लिवून घेतलं व्हतं मी सारं. त्या बुढ्यानं लिवलंच नसन. दोन पैसे घेऊन नुस्तं क्षेम लिवलं असन."

ती म्हणत राहिली, त्यानं लिहिलंच नसेल. लिहिलं असतं तर बाबा आले असते, दादा आला असता. हे तिला खरं वाटून घ्यायचं होतं. आणि मला ते कसंही करून पाहायचं होतं की लिहिलं होतं की नव्हतं. नसेल लिहिलं तर माझी सुटका होती.

पटवाऱ्याकडे मी गेले नाही. त्याच्या तोंडून मला आता काही ऐकायचं नव्हतं. घरात देवळीत सात-आठ पत्रं होती, निरनिराळ्या सोयऱ्यांची. ती सगळी मी खाली काढली आणि कपाशीच्या राखणीला जाताना ओच्यात घालून नेऊ लागले. दुपारी मचाणाखाली सावलीत पसरायची. आणि पाहा, त्यांच्या पहिल्या ओळीत काय आहे ते मला पाठ होतं! पटवारी तीच ओळ दर वेळी घडघड म्हणायचा. साष्टांग नमस्कार, येथील क्षेम जाणून, तिकडील क्षेम लिहीत जावे. सगळ्या पत्रांत तीच. म्हणजे कागदावरची रेघोटी आणि तोंडातला शब्द यांची जोडी मला लावता येत होती. मोडी अक्षर सगळं एकमेकांत गुंतलेलं, पण क्षेम एका ओळीत दोनदा यायचं, म्हणून ते आधी सापडलं. मग त्यातला म. मग तोच म नमस्कारात. मातीवर काडीनं गिरवायची, पुसायची. बाजारात वाण्याच्या पोत्यावर काय लिहिलं ते विचारायची आणि त्यातलं एखादं अक्षर पदराच्या गाठीसारखं डोक्यात बांधून आणायची. दोन पावसाळे गेले. ज्या ओळीनं घात केला त्याच ओळीनं मला वाचायला शिकवलं. लोक आता म्हणतात, "तुम्हाले अक्षर येते, केवढं पुण्य." मी हो म्हणते.

मला नीट वाचता यायला लागलं तेव्हा तिकडची लढाई मिटली होती, भाव बसला होता, आणि गाडी अंगणात रोजच मोकळी उभी असायची. एका दुपारी मी नणंदेचं पत्र घेतलं आणि विशेषच्या पुढे गेले. असं होतं:

"विशेष. सातवा लागला. पाय सुजतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. येथे सांगितले तर हसतात. आठव्याचे आत मुऱ्हाळी व गाडी पाठवावी, अनमान करू नये. गाडीची अडचण असल्यास वहिनीस सांगावे, ती वाट काढून देईल. तिला ठाऊक आहे."

ते शेवटचं मी तीन वेळा वाचलं. अक्षर चुकलं असेल म्हणून एक एक उलगडून पुन्हा लावून पाहिलं. चुकलं नव्हतं. त्या लिहिणाऱ्या म्हाताऱ्यानं इमानानं सगळं लिहिलं होतं.

हे तिला सांगायला मला आणखी महिना लागला. न सांगता चाललं असतं. सासरे तोवर वारले होते, आणि ती मरेपर्यंत त्या म्हाताऱ्याला शिव्या देत राहिली असती. पण मी रोज तिच्या हातची भाकर खात होते. एक दिवस ती जोंधळा निसत बसली होती, मी पत्र काढलं आणि वाचलं. शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. तेवढं तिनं न पाहता म्हटलं, खाली मान घालून, तोंडपाठ. मग म्हणाली, "म्हंजे लिवलं व्हतं."

"हो."

"अन् बाबाले वाचूनच नाही दाखवलं."

"नाही. पन बाबा त आनाले धाडून राहिले व्हते, बाई. गाडी मोकळी झाली व्हती." आणि मी तिला जेवणाच्या वेळचं सगळं सांगितलं. माझं वाक्य सांगितलं. अमरावती सांगितली. रडत होते मी, ती रडली नाही. हातातले दाणे ती सुपात परत पडू देत होती, थोडे थोडे.

सूप खाली ठेवून म्हणाली, "बाबाले वाचता येत नव्हतं. त्या पटवाऱ्याले फुरसत नव्हती. तुले त मी लिंबाखाली, तोंडानं सांगतलं व्हतं, वयनी."

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपली चूल वेगळी मांडली. त्याच घरात, सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, दुसऱ्या टोकाला, तीन दगडांची. भांडली नाही कधी. माझी लेकरं तिनंच मोठी केली, आजारात माझे पाय दाबले. पण सकाळी चूल पेटवायला तिला विस्तव लागायचा तेव्हा माझ्या चुलीत निखारे फुललेले असत, वीस पावलांवर, आणि ती हातात खापर घेऊन माझ्या समोरून निघायची, अंगण ओलांडून, गल्ली ओलांडून, शेजारच्या घरून विस्तव मागून आणायची. उन्हाळ्यात अन् पावसाळ्यातही, पदरानं झाकून. एकतीस वर्षं.